चिंतेसाठी वही लिहिताना चिंता वाढते, तर पद्धतीत नेमकं काय चुकतं?

कोरीपाटी

चिंता कमी व्हावी म्हणून जर्नलिंग करा, असं सगळे सांगतात. पण ‘मनात येईल ते लिहा’ यापुढे फारसं कुणी जात नाही. सध्याची पद्धत अशी आहे: रोज रात्री अंथरुणात बसून अर्धा ते पाऊण तास, सुचेल ते, सलग. असे तीन आठवडे झाले. लिहून झाल्यावर हलकं वाटायच्या ऐवजी धडधड वाढते. मागची पानं चाळली तर त्याच चार गोष्टी रोज नव्या शब्दांत लिहिलेल्या दिसतात.

ज्यांना या विषयाची नीट माहिती आहे त्यांनी कृपया सांगावं. किती वेळ लिहायचं, दिवसात कधी लिहायचं, नेमकं काय लिहायचं? लिहिलेलं परत वाचायचं का? आणि याचा उपयोग होतोय की नाही हे कशावरून ठरवायचं?

निरगुडी

त्याच चार गोष्टी रोज नव्या शब्दांत, हे तुम्हीच हेरलंत ते बरं झालं. हे उगाळणं झालं, फक्त सहाणेच्या जागी वही आली. आणि उगाळून चिंता झिजत नाही, ती दाट होते.

चिंता धूसर असते तोवरच फोफावते. ‘माझं कसं होणार’, ‘सगळं हाताबाहेर जाणार’ अशा वाक्यांत तारीख नसते, जागा नसते, नेमकं काय घडेल हेही नसतं. त्यामुळे त्यांना उत्तर देता येत नाही, आणि ती कधी खोटीही ठरत नाहीत. वहीने करायचं ते एवढंच, की या धूसर काळजीला नाव, तारीख आणि शेवट द्यायचा. ज्या लिखाणाने हे साधत नाही ते कितीही मनापासून केलं तरी गोल गोल फिरत राहतं.

सगळ्यात आधी वेळ बदला. झोपेच्या तोंडावर आणि अंथरुणात चिंता लिहिणं ही सगळ्यात वाईट जोडी आहे. अंथरुणाची सांगड झोपेशी असायला हवी, ती हळूहळू काळजीशी बसते. मग वही नसली तरी पाठ टेकली की विचार सुरू होतात. मानसशास्त्रज्ञ थॉमस बॉर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये यावर एक साधी पद्धत मांडली होती: काळजीसाठी रोज एकच ठरावीक वेळ, एकच ठरावीक जागा आणि अर्धा तास. बाकी दिवसभर काळजी आली की ती त्या वेळेवर ढकलायची. सुरुवातीला १५ ते २० मिनिटं पुरतात. संध्याकाळी लवकर बसा, झोपेच्या किमान दोन तास आधी. टेबल-खुर्ची चालेल, जिथे आराम करता ती जागा नको.

दिवसभरात काळजी डोकावली तर तिच्याशी वाद घालायचा नाही आणि ती दाबायचीही नाही. खिशातल्या कागदावर तीन-चार शब्दांचं टाचण करायचं, ‘शुक्रवारचा रिपोर्ट’, ‘घरमालकाचं पत्र’ एवढंच, आणि हातातल्या कामाकडे वळायचं. इथे हमखास एक चूक होते: टाचणाचा परिच्छेद होतो. पाच शब्दांच्या वर गेलात की तुम्ही तिथल्या तिथे काळजी करायला बसलात असं समजा.

ठरलेल्या वेळी गजर लावून बसा आणि टाचणं एकेक करून घ्या. बरीचशी तोवर शिळी झालेली असतात. त्यांच्यावर सरळ रेघ मारा, त्यासाठी मिनिटसुद्धा घालवू नका. जी अजून बोचतात त्यांच्यासाठी एकच प्रश्न: यात मला काही करता येण्यासारखं आहे का?

असेल, तर पुढची एकच कृती लिहा, आणि ती इतकी लहान लिहा की वाचणाऱ्या तिऱ्हाइतालाही करता यावी. ‘पैशांचं बघायला हवं’ ही कृती नव्हे. ‘बुधवारी सकाळी ११ वाजता बँकेत फोन करून हप्त्याची तारीख पुढे जाईल का ते विचारणं’ ही कृती. कधी, कुठे, काय हे तिन्ही त्यात आलं पाहिजे.

नसेल, तर ती काळजी भाकिताच्या रूपात लिहा: काय घडेल, कोणत्या तारखेपर्यंत, आणि ते घडलं हे कशावरून कळेल. शेजारी एक रकाना मोकळा सोडा. त्या तारखेला परत येऊन तिथे खरोखर काय झालं ते भरायचं. माझ्या मते सगळ्या वहीत हा रकाना सगळ्यात मोलाचा आहे आणि नेमका तोच लोक गाळतात. चिंता सरली की तिची आठवणही सरते, मन लगेच पुढची धरतं. त्यामुळे आधीची खोटी ठरली याचा हिशेब कुठेच राहत नाही. लाफ्रेनिएर आणि न्यूमन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सततच्या चिंतेचा विकार असलेल्या २९ जणांनी आपल्या काळज्या अशाच लिहून पुढे तपासल्या. ९१.४ टक्के काळज्या खऱ्या ठरल्या नाहीत. अभ्यास लहान आहे, पण स्वतःच्या वहीत असा आकडा दिसणं आणि दुसऱ्याने ‘काही होत नाही रे’ म्हणणं यात फार फरक आहे.

गजर वाजला की हातातलं वाक्य पुरं करून वही बंद. उरलेलं उद्या. आणि लगेच उठून जागा बदला: चाला, भांडी घासा, कुणाशी बोला. बंद करणं हासुद्धा सरावाचाच भाग आहे. ‘अजून थोडं लिहिलं की मोकळं वाटेल’ हा विचार येणारच, त्यालाही उद्याच्या टाचणात टाका.

तिसरा रकाना

निरगुडींनी वेळ आणि वर्गवारी छान सांगितली. काही काळज्या मात्र भाकितात बसत नाहीत, कारण त्या घडून गेलेल्या गोष्टीच्या अर्थाबद्दल असतात. तिथे विचारनोंद वापरतात. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या बोधात्मक, म्हणजे विचार तपासून पाहणाऱ्या, उपचारपद्धतीतलं हे जुनं आणि पक्कं साधन आहे. पान आडवं धरून सात रकाने आखा. एक भरलेला नमुना देतो, तो पाहिला की नियम वेगळे सांगावे लागत नाहीत.

प्रसंग: मंगळवार, दुपारी ४. वरिष्ठांचा निरोप, ‘उद्या सकाळी भेटा.’
भावना: भीती ८०, लाज ४० (शंभरपैकी). शरीरात: पोटात गोळा, तळहात ओले.
आपोआप आलेला विचार: ‘मला कामावरून काढणार.’ खरं वाटतं ७५ टक्के.
बाजूचे पुरावे: गेल्या आठवड्यात अहवाल दोन दिवस उशिरा गेला.
विरुद्धचे पुरावे: उशीर होणार हे आधी कळवलं होतं. याआधी असं तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा नव्या कामासाठी. कामाबद्दल लेखी तक्रार एकही नाही.
समतोल विचार: ‘उशिराबद्दल विचारणा होऊ शकते. काढून टाकण्याचं चिन्ह आज तरी दिसत नाही.’
पुन्हा मोजलेली भावना: भीती ५०, लाज ३५.

आता यात काय काय बिघडतं ते. पहिल्या रकान्यात लोक निष्कर्ष लिहितात: ‘साहेबांनी रागाने बोलावलं.’ राग कॅमेऱ्यात दिसला असता का? नसेल तर तो प्रसंगात येत नाही, विचाराच्या रकान्यात जातो. बाजूच्या पुराव्यात ‘मला आतून तसं वाटतंय’ असं येतं. वाटणं हा पुरावा नव्हे, त्याची जागा दुसऱ्या रकान्यात आहे. विचार प्रश्नाच्या रूपात लिहिला, ‘काढलं तर?’, तर पुढे जाताच येत नाही, कारण प्रश्नाला पुरावे नसतात. त्या ‘तर’चं उत्तर स्वतःच विधान करून लिहा, मगच तपासा.

सगळ्यात घातक चूक सहाव्या रकान्यात होते. तिथे ‘सगळं छान होईल’ असं लिहितात. मन ते स्वीकारत नाही आणि पुढच्या वेळी सगळी पद्धतच पोकळ वाटू लागते. समतोल विचार आनंदी असायची गरज नाही, पुराव्यांच्या मापाचा असला पाहिजे. अहवालाला उशीर झाला हे खरं आहे, तर ते त्यात आलंच पाहिजे.

८० वरून ५० ही चांगली उतार आहे. शून्याची वाट पाहू नका. आकडा हललाच नाही तर बहुधा खरा बोचणारा विचार अजून पकडलेला नसतो. ‘समजा असं झालं, तर त्याचा माझ्या लेखी अर्थ काय?’ हे दोन-तीन वेळा विचारून खाली उतरत जा. ‘काढतील’च्या खाली अनेकदा ‘घरच्यांना तोंड दाखवता येणार नाही’ असतं, आणि तपासायचं ते.

एका नोंदीला १० ते १५ मिनिटं लागतात. दिवसाला एक पुरे. आणि धडधड शिगेला असताना हे करू नका, त्या वेळी पुरावे आठवतच नाहीत. प्रसंग आणि भावना तेवढ्या टिपून ठेवा, बाकीचे रकाने शांत झाल्यावर.

मोकळीक

वरची दोन्ही उत्तरं वाचून असा समज व्हायला नको की मनातलं सलग लिहिणं कुचकामी असतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनीबेकर यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेले भावनिक लेखनाचे प्रयोग याच पद्धतीचे होते. फक्त त्यात मर्यादा होत्या आणि त्याच नेमक्या गळून पडल्या आहेत: १५ ते २० मिनिटं, तीन-चार दिवस, एकाच जड घटनेबद्दल, आणि मग थांबायचं. त्यात रोजचं, न संपणारं लिखाण नव्हतं. लिहिल्यावर लगेच बरं वाटतं असंही त्यातून दिसलं नाही. उलट लिहून उठल्या उठल्या माणसं थोडी खिन्न असत, फायदा दिसला तर काही आठवड्यांनी. शब्दांच्या मोजणीत असं आढळलं की दिवसागणिक ‘कारण’, ‘लक्षात आलं’ अशा अर्थाचे शब्द ज्यांच्या लिखाणात वाढत गेले त्यांना जास्त लाभ झाला. म्हणजे चौथ्या दिवसाचं पान पहिल्या दिवसापेक्षा वेगळं असायला हवं. कोरीपाटींच्या वहीत नेमकं तेच घडत नाहीये.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. २००६ मध्ये १४६ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी परिणाम निश्चित पण लहान निघाला. घडून गेलेल्या, कुणाजवळ न बोललेल्या गोष्टीसाठी हे लिखाण वापरावं. उद्याच्या काळजीसाठी वर सांगितलेले रकानेच बरे.

एक छोटी युक्ती जोडते. सलग लिहिताना ‘मी’ सोडून स्वतःला नावाने हाक मारून लिहा: ‘अमुकला आज कशाची धास्ती वाटली? त्याने आता काय करावं?’ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगांत, ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःशी असं नावाने बोललेल्यांना चिंता कमी जाणवली. दुसऱ्याला सल्ला देताना जी समज असते ती स्वतःसाठी वापरता येते, एवढाच त्याचा अर्थ.

निरगुडी

मोकळीक, मान्य. ‘सलग लिहू नका’ असं सरसकट म्हणणं चूक ठरेल. ‘का’ या शब्दाबद्दल मात्र सावध करते. ‘माझ्याच बाबतीत असं का होतं?’ हा प्रश्न वहीत आला की पुढचं पान त्याच्याच नावे जातं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड वॉटकिन्स यांचं बरंचसं काम याभोवती आहे: अमूर्त ‘का’मध्ये मन अडकतं, ठोस ‘कसं’मध्ये पुढे सरकतं. म्हणून ‘का’ खोडून ‘केव्हा सुरू झालं, त्याआधी काय झालं, पुढे काय केलं’ असं लिहायची सवय लावा.

कोरीपाटी

सर्वांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुठेच मिळालं नव्हतं. वेळ संध्याकाळी ६.३० ची ठरवतो. दोन शंका. रात्री पाठ टेकल्यावर विचार आलेच तर काय करायचं, तेव्हा वही अजिबात हातात घ्यायची नाही का? आणि वही घरात कुणी वाचेल या भीतीने अर्ध्या गोष्टी लिहिल्याच जात नाहीत, त्याला काही उपाय?

दिवेलागण

रात्रीसाठी वेगळी, छोटी यादी करा. उद्या आणि येत्या काही दिवसांत करायची कामं, पाच मिनिटं, बस. मायकेल स्कलिन यांच्या २०१८ च्या अभ्यासात ५७ तरुणांना प्रयोगशाळेत झोपवून मोजमाप केलं होतं. उरलेल्या कामांची यादी लिहिणारे, झालेल्या कामांबद्दल लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे नऊ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. यादीत भावना नकोत, विश्लेषण नको. ‘वीजबिल, पावती शोधणे, डॉक्टरांची वेळ’ इतकं रुक्ष असू द्या. लिहून झाली की दुसऱ्या खोलीत ठेवा.

मध्यरात्री जाग आली तर अंधुक उजेडात एका ओळीचं टाचण, तेही कागदावर. मोबाईल हातात घेतला तर नोंद राहते बाजूला आणि निरोप वाचणं सुरू होतं. वीसेक मिनिटांत झोप लागत नसेल तर अंथरूण सोडून दुसरीकडे बसा, पेंग आली की परत या. घड्याळाकडे मात्र सारखं बघू नका.

गुप्ततेबद्दल: ही अडचण खरी आहे, कारण कुणाच्या तरी नजरेखाली लिहिलेली वही सभ्य होते आणि निरुपयोगी ठरते. सुट्या कागदांवर लिहा. सलग लिहिलेलं लिखाण संपल्यावर फाडून टाकलं तरी चालतं, कारण त्याचा उपयोग लिहिण्यातच होऊन गेलेला असतो. जपायचे ते फक्त भाकितांचे आणि पुराव्यांचे रकाने. त्यात माणसांना आद्याक्षरं द्या. हेही नको असेल तर पासवर्ड असलेली फाईल ठेवा, पण लिहिताना नेट बंद.

परत वाचायचं का, हे राहिलंच होतं. रोज नाही. आठवड्यातून एकदा, दिवसा, दहा मिनिटं. आणि वाचायचे फक्त रकाने: किती भाकितं खरी ठरली, आकडे कुठून कुठे आले, कोणता प्रसंग पुन्हा पुन्हा येतोय. रविवार रात्र, जास्त झालेला चहा-कॉफी, अपुरी झोप, विशिष्ट व्यक्तीचा फोन, असं काहीतरी तीन-चार आठवड्यांत ठळक दिसू लागतं.

सावरी

एक बाजू अजून कुणी मांडली नाही: वही कुणासाठी नाही किंवा एकट्याने नाही.

मंत्रचळ, म्हणजे ओसीडी असेल तर लिहिणं स्वतःच कर्मकांड होऊ शकतं. ‘कुलूप लावलं’ असं लिहिल्याशिवाय चैन पडत नाही, मग ते नीट लिहिलं का म्हणून तपासणं, मग पुन्हा लिहिणं. पुराव्यांचा रकानासुद्धा तिथे खात्री मिळवण्याचं साधन बनतो आणि शंका अधिक घट्ट होते. ‘लिहिलं नाही तर काहीतरी वाईट होईल’ असं वाटू लागलं तर ती धोक्याची खूण समजा.

अत्याचार, अपघात, हिंसा यांच्या आठवणी अंगावर धावून येत असतील तर त्या घटनेचं सविस्तर वर्णन एकट्याने लिहायला बसू नका. उपचारात असं लेखन करून घेतात, पण तिथे वेग सांभाळणारं माणूस समोर असतं. लिहिता लिहिता आपण खोलीत नाही असं वाटलं, अंग बधिर झालं, तर पेन ठेवा, पाय जमिनीवर दाबा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या.

पॅनिकचा, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा, झटका चालू असताना विश्लेषण नको. झटका साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि ओसरतो. नंतर फक्त नोंद: वेळ, जागा, सुरुवात कशी झाली, भीती काय वाटली आणि प्रत्यक्षात काय झालं. पण छातीत दुखणं किंवा धाप पहिल्यांदाच आली असेल तर आधी डॉक्टर, वही नंतर. थायरॉइड जास्त असला तरी धडधड, घाम, हातांना कंप असंच दिसतं, ते एका रक्ततपासणीत कळतं.

उपयोग होतोय का हे मोजायला दर दोन आठवड्यांनी जीएडी-७ ही चिंतेची तीव्रता मोजणारी प्रश्नावली भरा. सात प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २१. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. १० किंवा त्याहून जास्त आले तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि वही बरोबर न्या, पहिल्या भेटीचं निम्मं काम त्यात झालेलं असतं. ही चाळणी आहे, निदान नव्हे. जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर गुणांची वाट पाहू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि मदत घ्या.

कोरीपाटी

हे फार महत्त्वाचं होतं, धन्यवाद. शेवटचं: हे किती दिवस चालवायचं? आयुष्यभर रकाने भरत बसायचं नाहीये.

तिसरा रकाना

चार ते सहा आठवडे रोज, मग एक दिवसाआड, मग फक्त भावनेचा आकडा (शंभरपैकी) ६० च्या वर गेला तरच. रकाने आखण्याआधीच डोक्यात ‘विरुद्धचे पुरावे’ सुरू झाले की समजा हात बसला. दिवस चुकला तर दुप्पट लिहून भरपाई करू नका, त्यातून वहीचीच काळजी लागते. चार आठवड्यांनंतरही आकडे जागचे हलत नसतील तर पानं वाढवू नका. एखादं टाळलेलं काम किंवा जागा निवडा, भाकीत लिहा, आणि प्रत्यक्ष जाऊन पाहा. तिथून परतल्यावर मोकळा रकाना भरायचा.

निरगुडी

याला जोड: पहिल्या आठवड्यात टाचण आणि गजर एवढंच सांभाळा, बाकी काही नको. भाकिताचा रकाना दुसऱ्या आठवड्यात, विचारनोंद तिसऱ्या. सगळं एकदम सुरू केलं तर चौथ्या दिवशी वही कपाटात जाते.